एअरसॉफ्ट रायफलच्या (प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या झाडणाऱ्या खेळातील बंदुकीच्या) ग्रिपमध्ये, म्हणजे मुठीत, नवी मोटर बसवताना काय सांभाळावे?

प्रथम बॅटरी व मॅगझिन काढून नळीत गोळी उरलेली नाही याची खात्री करावी. मोटर मॉडेलनुसार निवडावी लागते, कारण एम-४ प्रकारात साधारणपणे लांब दांड्याची, तर एके प्रकारात आखूड दांड्याची मोटर लागते. जुनी मोटर काढण्यापूर्वी तारांची जागा टिपून ठेवावी. लाल तार धन टोकालाच जोडावी आणि ग्रिप बसवताना कोणतीही तार चिमटली जाणार नाही हे पाहावे. ग्रिपच्या तळपट्टीत मोटरखाली असणारी धातूची छोटी चकती सहज घरंगळून हरवते, म्हणून ती आधीच बाजूला ठेवावी.

खरे कौशल्य उंची जुळवण्यात आहे. तळाचा स्क्रू आत फिरवला की मोटर वर सरकते आणि तिचे पिनियन (दांड्याच्या टोकावरचे छोटे दातेरी चाक) बेव्हल गिअरमध्ये (ते ज्याला फिरवते त्या तिरप्या दातांच्या चाकात) अधिक खोल बसते. पिनियन फार घट्ट बसल्यास तीक्ष्ण, उंच पट्टीचा आवाज येतो आणि मोटर लवकर तापते. सैल राहिल्यास घरघर होऊन दात झिजतात. त्यामुळे बॅटरी जोडून, संरक्षक चष्मा लावून, गोळ्यांविना एकेक फैर झाडत स्क्रू प्रत्येक वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा आणि आवाज सर्वांत मऊ होईल तिथे थांबावे.