पोटाचं पहिलं ऑपरेशन अर्धवट का ठेवलं?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझा धाकटा भाऊ पिकअप चालवतो, वय ३१. गेल्या महिन्यात रात्री उभ्या ट्रकला मागून धडकला आणि स्टेअरिंग पोटात घुसलं. वरून साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे उलट्या, पोट टणक, बीपी लागेना. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं पण पोट उघडंच ठेवलं, वरून नुसतं प्लास्टिक. दोन दिवसांनी परत आत घेऊन स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा काढली, आतड्याचं भोक शिवलं. आता घरी आहे, पण पोटात ठेवलेल्या एका ड्रेनमधून (नळीतून) अजून पाणी येतं. नातेवाईक म्हणतात पहिल्याच वेळी नीट केलं असतं तर हे झालं नसतं. खरंय का? आणि त्याला आता शुगर होणार का?

उत्तर : ताई, कागद माझ्यासमोर नाहीत, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो, पोट उघडं ठेवलं हा त्या सर्जनचा शहाणपणा होता, आणि तुमचा भाऊ वाचला त्यात याचा वाटा मोठा असणार. नातेवाइकांना हे जरूर सांगा.

स्वादुपिंड आणि ड्युओडेनम, म्हणजे जठरानंतरचा लहान आतड्याचा पहिला वीत-सव्वा वीत भाग, हे दोन्ही पोटात सगळ्यात मागे, मणक्याला टेकून असतात, त्यामुळे स्टेअरिंगचा दाब पुढून आला की ते मणक्यावर चिरडतात आणि वरची कातडी मात्र शाबूत दिसते. गळती सुरुवातीला मागच्या बाजूलाच दबून राहते म्हणून पहिले काही तास पोट मऊ, सोनोग्राफीत पाणी नाही, कधी कधी रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य, तेसुद्धा नॉर्मल. म्हणून पोटाला असा मुका मार लागलेला पेशंट एका नॉर्मल सोनोग्राफीवर घरी सोडू नये, त्याला ठेवून घ्यावं, दर काही तासांनी पोट हाताने तपासावं, कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध, देऊन सीटी करावा आणि शंका राहिली तर तोच सीटी परत करावा. इथे तुमच्या भावाचे मोलाचे तास गेले, हे मी झाकून ठेवणार नाही.

आता पहिलं ऑपरेशन. बीपी लागत नाही, अंग गार पडलंय, रक्तात आम्ल वाढलंय आणि रक्त गोठत नाही, अशा माणसाच्या पोटात चार-पाच तास जोडाजोडी करत बसलं तर टाके सुंदर पडतात आणि पेशंट टेबलवरच जातो. म्हणून आत जायचं, रक्तस्राव बांधायचा, पॅड दाबून ठेवायचे, आतड्यातली घाण थांबवायची आणि बाहेर यायचं. मग आयसीयूत गरम करून, रक्त-प्लाझ्मा देऊन साधारण २४ ते ४८ तासांनी परत. याला डॅमेज कंट्रोल म्हणतात, हे नाव १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या सर्जननी रूढ केलं आणि मूळचं ते नौदलाचं, भोक पडलेलं जहाज आधी तरंगत ठेवा, डागडुजी बंदरात.

दुसऱ्या वेळी काय करायचं हे स्वादुपिंडाची मुख्य नळी तुटलीय का आणि कुठे, यावर ठरतं. मणक्यासमोरून जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या डावीकडे तुटली असेल तर शेपूट काढून टाकणं सरळ. उजवीकडे, स्वादुपिंडाच्या डोक्यात, म्हणजे उजव्या टोकाच्या जाड भागात तुटली तर गाडं अवघड, कारण पित्ताची नळी आणि ड्युओडेनम तिथेच एकमेकांना चिकटलेले असतात. सगळं डोकं काढायचं व्हिपल ऑपरेशन अपघातात फक्त दुसरा इलाजच उरला नाही तर करावं, नाहीतर चांगले ड्रेन ठेवून बाहेर पडणं बरं, असं माझं ठाम मत आहे. ड्युओडेनमचं भोक मात्र बहुतेक वेळा नुसतं शिवता येतं.

ड्रेनचं पाणी बहुधा स्वादुपिंडाचा रस असेल, त्यात अमायलेज तपासलं की कळेल. अशा गळत्या बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप बंद होतात, फक्त नळी स्वतःहून ओढू नका आणि रोज किती येतं ते वहीत लिहा. ताप, वाढती पोटदुखी, पाणी हिरवं किंवा लाल झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

शुगर : इन्सुलिनच्या पेशी शेपटाकडे जास्त दाट असतात पण उरलेला भाग निरोगी असेल तर बहुतेकांचं भागतं, तरी दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) करा. त्याहून तातडीचं म्हणजे जंतूंशी लढणारी प्लीहा काढलीय, तेव्हा न्यूमोकोकस, मेनिन्जोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी झाल्यात का ते डिस्चार्ज कार्डवर बघा, नसतील तर या आठवड्यात घ्या, आणि पुढे आयुष्यभर कधीही थंडी वाजून ताप आला तर घरी क्रोसिनवर थांबायचं नाही.

प्रश्न : माझा ८ वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला, हँडल पोटात लागलं. सीटीत ड्युओडेनमच्या भिंतीत रक्त साकळलंय, भोक नाही. सारखी हिरवी उलटी. डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात. थांबावं का?

उत्तर : हो, थांबा. गाठीमुळे वाट बंद झालीय, ती बहुतेक मुलांत एक ते तीन आठवड्यांत विरते. तोवर नाकातून नळी, तोंडाने काही नाही आणि शिरेतून पोषण, आईला बघवत नाही पण उपाय हाच. ताप आला किंवा पोट कडक झालं तर लपलेलं भोक असू शकतं, लगेच सांगा. आणि घरी गेलात की सायकलच्या हँडलची टोकं बघा, रबर निघून लोखंडी नळी उघडी असेल तर नवीन ग्रिप बसल्याशिवाय सायकल देऊ नका.