अनोळखी बायकांना घरी जेवायला बोलावून खरंच मैत्रिणी होतात का?

होतात. मला झाल्या. पण पहिल्या जेवणात नाही, आणि तुमच्या मनात आहे तसं बारा जणींना एकदम बोलावून तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की नव्या गावी येऊन वर्ष झालं, ऑफिसातल्या बायका ऑफिसातच राहतात, म्हणून ओळखीच्या-अर्धओळखीच्या बारा जणींना रात्री जेवायला बोलवायचं म्हणताय. मेनू काय ठेवू, विषय काय काढू, आणि घरचे याला पोरखेळ म्हणतात, ते खरं का? मी त्या शेवटच्या वाक्याशी अडकले. हाच शब्द मी माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या तोंडून ऐकलाय, माझ्याच स्वयंपाकघरात, ती माझीच ताटं पुसत असताना.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सदतीस वर्षांची. अकरा जणींना बोलावलं होतं: ऑफिसातल्या दोघी, इमारतीतल्या तिघी, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या चौघी आणि पोहायला येणाऱ्या दोघी. दोन दिवस राबून पाच पदार्थ केले. ताई मदतीला आली होती. संध्याकाळभर मी शेगडी आणि दार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते. फाटकावरच्या चौघी सोफ्यावर ओळीनं बसल्या त्या उठेपर्यंत तशाच. ऑफिसातल्या दोघींनी ऑफिसातल्या तिसरीची उणीदुणी काढली. इमारतीतली एक बाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली. खरंच वाचत होती. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ती पुढच्या महिन्याचं पान उचलून बघत होती. साडेनऊला एक उठली आणि पाच मिनिटांत घर रिकामं.

ताईनं विचारलं, "तू जेवलीस का?" मी जेवले नव्हते. मग ती म्हणाली, "अगं, हा पोरखेळ आहे. आमंत्रणं देऊन कुठे मैत्रिणी होतात? त्या आपोआप होतात. शाळेत झाल्या तेवढ्या आपल्या."

दुसऱ्या दिवशी कुणाचा साधा फोनही आला नाही. मी कानाला खडा लावला.

आठ महिन्यांनी लिफ्टमध्ये ती कॅलेंडरवाली भेटली. म्हणाली, "परत नाही बोलावलंत तुम्ही. मला वाटलं, मी गप्प बसले म्हणून तुम्हाला आवडले नसेन." मी बघतच राहिले. आठ महिने मी नेमकी हीच समजूत उलट्या बाजूनं धरून बसले होते! पुढे कळलं की याला मानसशास्त्रात नाव आहे, 'लाइकिंग गॅप'. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की अनोळखी माणसं बोलून उठली, की समोरच्याला आपण जितके आवडलो असू असं त्यांना वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेलो असतो. तेव्हा जेवणानंतर फोन आला नाही तर त्याचा अर्थ लावत बसू नका. तुम्हीच करा.

दुसऱ्या खेपेला पाच जणी आणि सहावी मी. घरात खुर्च्या पाचच, म्हणून एक स्टूल आणलं. ते डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली कागदाची घडी सारली. वेळ सातची दिली होती. सहा वाजता बेल वाजली. मी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, ओट्यावर सगळं चिरायचं पडलेलं, आणि दारात पोहायला येणाऱ्यांपैकी एक. तिनं निरोप नीट वाचला नव्हता. ती ओशाळली, मी तिच्याहून जास्त. खाली एक चक्कर मारून येते म्हणायला लागली. मी ओढून आत घेतलं. तिनं बाही वर केली आणि विचारलं, "सुरी कुठाय?"

तो एक तास मला अजून आठवतो. ती ओट्याच्या त्या टोकाला चिरत होती, मी शेगडीपाशी, दोघींच्या एकमेकींकडे पाठी. चिरता चिरता तिनं सांगितलं की तिची आई तिला वर्षभर ओळखत नाहीये. रोज नव्यानं नाव विचारते आणि नाव ऐकून म्हणते, छान आहे. मी वळले नाही. ढवळत राहिले. टेबलाशी समोरासमोर बसून असं कुणी बोलत नाही, पाठ असली की बोलतं. या नादात मी मीठ घालायचं विसरले. जेवायला बसल्यावर पहिला घास घेऊन सगळ्या गप्प. मग आमची कॅलेंडरवाली हळूच म्हणाली, "मीठ मिळेल का, की हे मुद्दाम आहे?" सहाजणी पोट धरून हसलो. मिठाची बरणी टेबलभर फिरली आणि ती परत माझ्याकडे येईपर्यंत निम्मं अवघडलेपण संपलं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: सगळं आवरून, नटून-थटून दार उघडू नका. दोन कामं मुद्दाम शिल्लक ठेवा. आल्या आल्या हाताला काम मिळालं की माणसाला आपण कुठे बघावं हा प्रश्न पडत नाही. ताई याला गलथानपणा म्हणते. म्हणू दे.

दुसरं, आकडा. तुम्ही धरून सहा, फार तर. रॉबिन डनबार या ब्रिटिश संशोधकानं सहकाऱ्यांबरोबर 1995 मध्ये दाखवलं की आपणहून जमलेल्या घोळक्यात एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवं आलं की गप्पा फुटतात. सहा जणी असल्या तर तीन-तीन किंवा चार-दोन अशा फुटतात आणि पुन्हा जुळतात, त्याला हरकत नाही. बाराला तुमच्या घरात तीन वेगळ्या पार्ट्या होतील आणि तुम्ही तिन्हींच्या वाढपी. आणि आधीपासून जिवलग असलेली जोडी बोलावू नका. हे मी कडकपणे पाळते.

विषयांचं म्हणाल तर यादी करू नका. आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञाचे 1997 चे ते, एकमेकांना विचारायचे छत्तीस प्रश्न तुमच्याही वाचनात आले असतील. ते प्रयोगशाळेत दोन-दोन माणसांना बसवून, पाऊण तासात जवळीक निर्माण होते का ते बघायला केले होते. टेबलावर चिठ्ठ्या ठेवून सहाजणींना विचारलेत तर तोंडी परीक्षा होईल. एका घरी मी हे भोगलंय. माझ्या वाट्याला मरणाविषयीचा प्रश्न आला होता, तोही घास तोंडात असताना.

आता ताईच्या 'आपोआप'बद्दल. तिची शाळेतली जिवलग मैत्रीण तिला कशी मिळाली, माहितीये? हजेरीपटात तिच्या नावाखाली हिचं नाव होतं, म्हणून बाईंनी दोघींना एका बाकावर बसवलं. दहा वर्षं. हे आपोआप? हे तर माझ्या जेवणांपेक्षा जास्त ठरवून केलेलं होतं, फक्त ठरवणारं दुसरं कुणीतरी होतं. अमेरिकेत मेरीलँडच्या पोलीस प्रशिक्षणार्थींवर झालेला, 1974 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांना आडनावाच्या अक्षरक्रमानं खोल्या आणि बाकं दिली होती. नंतर मित्र कोण म्हणून विचारलं, तर बहुतेकांनी अक्षरक्रमात आपल्या जवळ असलेल्यांचीच नावं घेतली. हे मी ताईला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, पोलिसांचं वेगळं असतं.

मोठेपणी बाक कुणी देत नाही, तो आपला आपण मांडावा लागतो, आणि एकदा मांडून भागत नाही. जेफ्री हॉल या अमेरिकी प्राध्यापकानं 2018 मध्ये हिशेब मांडला: नुसत्या ओळखीची वरवरची मैत्री व्हायला सुमारे 50 तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणावं इतकं व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. एका जेवणाचे तीन तास धरा. 50 तासांना सोळा-सतरा जेवणं झाली. माझ्या पहिल्या जेवणानंतर हिशेबात सत्तेचाळीस तास बाकी होते आणि ताईनं ताटं पुसता पुसता निकालही लावून टाकला. म्हणून शेवटचा घास संपायच्या आत पुढची तारीख ठरवा. निरोप पाठवून नंतर ठरवू म्हटलं की संपलं. आम्ही दर तिसऱ्या शनिवारी भेटतो, चौथं वर्ष चालू आहे, आणि स्टूल अजून तेच आहे.

हे सगळं मी स्वतःचं मोठं घर आणि आठ वर्षांचा, म्हणजे झोपवावा न लागणारा मुलगा असताना केलंय, हे आधी सांगायला हवं होतं. तान्हं मूल असेल, घरात आजारी माणूस असेल किंवा घरच्यांना बाहेरची माणसं चालत नसतील तर दुपारी बाहेर कुठेही भेटा. तास तेच मोजले जातात. शिवाय सगळ्या टिकत नाहीत. एक आमच्याकडे तिसऱ्या जेवणाला पिशवीभर सामान विकायला घेऊन आली, तिला मी पुन्हा बोलावलं नाही. एक न सांगता यायची थांबली आणि ते मला अजून लागतं. ती लवकर आलेली मात्र अजूनही सहालाच येते.

मेनूचं राहिलंच. एका भांड्यात होणारं, आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं काहीही करा. आणि मीठ चाखून बघा.