शॅम्पेनवाल्या शेतकऱ्याच्या घरी जाताना

प्रश्न : ताई, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पॅरिसला लेकीकडे जातोय. मोठ्या नावांची तळघरं पाहण्यापेक्षा शॅम्पेन प्रांतातल्या लहान, घरच्या घरी चालवलेल्या वायनरी पाहाव्यात अशी माझी इच्छा आहे. हे वाइन घेत नाहीत. दोन दिवसांत पाच-सहा ठिकाणं होतील का? आधी कळवावं लागतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाच-सहा नकोत. दोन दिवसांत तीन, फार तर चार. सकाळी दहाला एक, दुपारी तीनला एक. बारा ते दोन ही तिकडे जेवणाची वेळ, तेव्हा कुणाचं दार वाजवू नये. रविवारी बरीच घरं बंद असतात.

पण आधी तारखेचं बोलते, कारण खरी अडचण तिथेच आहे. शॅम्पेनमध्ये द्राक्षांचा खुडा, म्हणजे काढणी, ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात येतो, आणि तो कायद्याने हातानेच करावा लागतो. माझं माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेचं. खुड्याच्या दिवसांत पाहुणा आला की आई चहा टाकायची, पण तिचं सगळं लक्ष क्रेटकडे असायचं. हे ठाऊक असूनही पहिल्या खेपेला मी ऐन खुड्यात, न कळवता आवीझ गावातल्या एका फाटकाशी जाऊन उभी राहिले. आतून एक बाई आल्या, दोन्ही हात रसाने चिकट झालेले. ‘तीन आठवड्यांनी या,’ एवढंच म्हणाल्या आणि परत गेल्या. त्यांचं बरोबर होतं.

म्हणून जमलं तर ऑक्टोबरात जा. तारखा बदलणं शक्य नसेल तर आजच ईमेल लिहा. किती जण, कोणता दिवस, किती वाजता, इंग्रजी चालेल का, एवढं पुरे. खुडा असला तरी भेटता येईल का, हे मोकळेपणाने विचारा. ‘हो’ आलं तर भाग्यच समजा. एका वेळी ४००० किलो द्राक्षं दाबयंत्रात पडतात आणि त्यातून फक्त २५५० लिटर रस घ्यायची परवानगी असते. त्यातलाही पहिला २०५० लिटर सर्वांत मोलाचा. तो रस वाहताना पाहायला तुमच्या यजमानांनाही आवडेल, त्यासाठी वाइन घ्यावी लागत नाही.

घरची शॅम्पेन ओळखायची खूण लेबलवर असते. कडेला बारीक अक्षरांत ‘आरएम’ असेल तर स्वतःच्या बागेची द्राक्षं आणि स्वतःचीच वाइन. ‘एनएम’ असेल तर द्राक्षं विकत घेणारं घराणं. तिथल्या जवळजवळ ९० टक्के बागा शेतकऱ्यांच्या आहेत, पण बराचसा माल मोठ्या घराण्यांना जातो. १९११ साली, बाहेरची द्राक्षं आणून शॅम्पेन म्हणून विकतात या रागाने शेतकरी उठले आणि आ-ई गावातल्या काही घराण्यांच्या इमारती जाळल्या गेल्या. द्राक्षाच्या भावासाठी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसलेले माझे वडील मी पाहिलेत. म्हणून ‘आरएम’ ही दोन अक्षरं मला फार मोठी वाटतात.

मुक्काम एपर्नेला करा. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनातून थेट रेल्वे आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिथून दक्षिणेला क्रामाँ, आवीझ, ल मेनिल ही शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाची गावं. दुसऱ्या दिवशी आंबोने किंवा बूझी, तिथे पिनो न्वार हे काळं द्राक्ष. दोन्हींची चव एकामागोमाग घेतली की द्राक्षाचा फरक जिभेला कळतो. यजमान घेत नाहीत हे तुमच्या सोयीचंच आहे, गाडी ते चालवतील. तुम्ही स्वतः चालवणार नसलात तरी घोट चाखून थुंकायला भांडं मागा, तिकडे त्यात कुणाला काही वाटत नाही.

आत शिरताना आधी ‘बोंझूर’, मग पुढचं बोलणं. तळघरात १० ते १२ अंशांचा गारवा असतो, स्वेटर न्या. साधी शॅम्पेन किमान १५ महिने, लेबलवर वर्ष लिहिलेली ३ वर्षं तिथे राहते. शेवटी साखर किती घालता, हे जरूर विचारा. लिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी की १२ पर्यंत, यावर प्रत्येक घराचं ठाम मत असतं आणि त्यावरून गप्पा रंगतात.

निघताना बाटल्या घ्या. काही घरं चवीचे पैसे घेत नाहीत, म्हणून तर घ्याच. भारतात माणशी २ लिटर करमुक्त आणता येते, म्हणजे दोघांच्या मिळून चार बाटल्या. त्या चेक-इन बॅगेत कपड्यांत नीट गुंडाळून ठेवा.

आणि आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात गोडी, हे त्यांना सांगा. तिकडे ती हिवाळ्यात एकदाच. आंबोनेच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी हे सांगितलं, तर त्यांनी खुर्ची ओढली, मुलाला हाक मारली आणि मला कागदावर वेल काढून दाखवायला लावली. अर्ध्या तासाची भेट दोन तास चालली.