वडिलांची आरएक्स कापू का? डिचोलीच्या वाचकाला उत्तर

डिचोलीहून एका २७ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी, हातात ३८,००० पगार, घरखर्चाला २४,०००, एसआयपी ४,०००. मुदत ठेव २,१०,००० रुपयांची, ती ऑगस्टमध्ये पुरी होते. घरी वडिलांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० आहे. तिची फ्रेम कापून, स्कूटरसारखी बारा इंची चाकं बसवून, कार्टिंगच्या ट्रॅकवर पळणारी छोटी रेसिंग गाडी करायची आहे. गॅरेजवाल्याने १,८०,०००चा अंदाज दिला आहे. ३०,००० हातचे आणि १,५०,००० पर्सनल लोन, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. वडील म्हणतात, मशिनावर कर्ज काढू नको. काढू का, असा प्रश्न आहे.

नको. पण रेसिंगही सोडू नका. हिशेब चुकला आहे तो तीन ठिकाणी, आणि कर्ज त्यातलं सगळ्यात लहान ठिकाण.

आधी कर्जच उरकून टाकू. हप्ता सुमारे ५,१३०चा, तीन वर्षांत व्याज साडेचौतीस हजार. रेसिंगचा चांगला लेदर सूट या पैशांत येतो. तुमचे वडील खाणीच्या ट्रकवर होते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे २०१२ साल त्यांनी जवळून पाहिलं असणार. गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभे, हप्ते मात्र चालूच. त्या वर्षी हप्त्यांचा प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसलेली माणसं मला अजून आठवतात. ट्रक निदान पळताना कमवत तरी होता. रेसची गाडी पळतानाच खर्च करते.

आता मोठी चूक. तुम्ही आरएक्स फुकटात धरली आहे. अंदाजपत्रकात तिच्यासमोर शून्य आहे. अहो, १९९६मध्ये बंद झालेली गाडी, घरातच वापरलेली, एकाच मालकाची, आरसी चालू, मूळ टाकी आणि मूळ सायलेन्सर! अशा गाडीमागे लोक डिचोलीपासून बेळगावपर्यंत फिरतात. तुमच्याकडच्या वस्तूंत दरवर्षी भाव वाढणारी ही बहुधा एकमेव वस्तू असेल, आणि तुम्ही तिला ग्राइंडर लावायला निघालात. फ्रेम कापली की भंगाराचा भाव येतो. शिवाय नोंदणी असलेल्या गाडीत परस्पर असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाहीत. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरएक्स धुऊन पुसून ठेवा. रविवारी वडिलांना मागे बसवून म्हापशाला जाऊन या.

तिसरी चूक गॅरेजवाल्याच्या कागदात आहे. १,८०,००० पैकी ८५,००० इंजिनावर: पोर्टिंग, एक्स्पान्शन चेंबर, मोठा कार्बोरेटर, सीडीआय. कार्टच्या ट्रॅकवर सरळ पट्टा असतो केवढा? गाडी वेग घेईपर्यंत पुढचं वळण येतं. तिथे वेळ निघतो टायरवर, ब्रेकवर आणि वळणातून लवकर उचलणाऱ्या गिअरिंगवर. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, चार-पाच दातांनी मोठं करा, खर्च हजाराच्या आसपास. आरएक्ससारखी टू-स्ट्रोक ताणून ट्यून केली आणि जेटिंग जरा पातळ राहिलं, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी गेलं, की पिस्टन जॅम. मग बोअर, नवा पिस्टन, पुन्हा लेथवाल्याच्या दारात. अस्सल सुटे भाग सहज मिळत नाहीत, नकली ढिगाने मिळतात.

आणि ही गाडी पळणार कुठल्या गटात? मिनीजीपी नावाची जी जागतिक मालिका आहे, तिचा भारतातला भाग २०२२मध्ये सुरू झाला. तिथे सगळ्यांना एकाच बनावटीची ओव्हाले गाडी, आणि स्पर्धक दहा ते चौदा वर्षांची मुलं. तुम्ही दुप्पट वयाचे, गाडी घरची. राष्ट्रीय अजिंक्यपदात १६५ सीसीपर्यंतचा प्रो-स्टॉक गट आहे, तो फोर-स्ट्रोकवाल्यांचा. म्हणून जुनी अपाचे १६० बघा, २५ ते ३० हजारांतली, रंग उडालेली चालेल, फ्रेम वाकडी नको. इंजिन जसं आहे तसं ठेवा. हेडलाइट, आरसे, स्टँड काढा, ऑइलचा बोल्ट सुटू नये म्हणून त्याला लॉक वायर मारा, ब्रेक पॅड आणि टायर चांगले घ्या. हात काळे करायची हौस यातही भागते. पुढेमागे खरंच बारा इंची चाकांची गाडी बांधावीशी वाटली तर भंगारातलं स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन आहेच. तेव्हा कळवा.

ट्रायल रात्री बायपासवर घेईन, हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, समोरून कुणाचा तरी मुलगा दूध घेऊन येत असतो. हडफडे आणि नुवेंला कार्टचे ट्रॅक आहेत, पण ते पर्यटकांसाठी. फुटरेस्टचे ओरखडे आणि सांडलेलं ऑइल कोणालाच नको असतं, तेव्हा मोटारसायकलला परवानगी आहे का हे गाडी घेण्यापूर्वी विचारा. नाही म्हणाले तर कोल्हापूरचा ट्रॅक. आंबोली-आजऱ्यावरून पिकअप, ट्रॅकची फी, जेवणखाण धरून एका वारीला दहा हजार धरा. कोइंबतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा, पण तिथली एक वारी म्हणजे तुमचा अर्धा पगार. पहिल्या वर्षी नको.

विम्यावर थोडं थांबतो, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. आरोग्य विम्यात व्यावसायिक म्हणून मोटार रेसिंग करताना झालेली इजा वगळतात. तुम्ही हौशी आहात, म्हणून दार पूर्ण बंद नाही, पण कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. अपघात विमा वेगळा असेल तर त्याची अट जास्त कडक असू शकते. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेच्या दीनदयाळ कार्डावर चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाख मिळतात, पण ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरतेच. खांद्याजवळचं हाड मोडलं की महिना-दीड महिना कारखान्याला सुट्टी. ती पगारी आहे का, हे एचआरला विचारून ठेवा.

आता पैसे. ठेवीतले १,४४,००० म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, त्याला हात नाही. उरतात ६६,०००. ऑगस्टपर्यंत थांबलात तर मुदतपूर्व मोडल्याचा दंडही नाही. एसआयपी चालू ठेवून महिन्याला १०,००० उरतात, त्यातले ७,००० जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत बाजूला टाका, ३५,००० होतील. उरलेले तीन हजार चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळापानांच्या सजावटीला, लागणारच, मला माहीत आहे. एकूण १,०१,०००. त्यात हेल्मेट, सूट, हातमोजे, बूट ३८,०००, गाडी ३०,०००, टायर-ब्रेक-स्प्रॉकेट १२,०००, आणि दोन वाऱ्यांना २१,०००. पडलात तर लिव्हर आणि फुटरेस्ट याच २१ हजारांमधून येतील, मग वारी एकच. सूट आणि हेल्मेट आधी घ्या, गाडी नंतर. पावसात तसंही कोण पळवतंय, चवथीपर्यंत गॅरेजमध्ये काम करा.

आरएक्सच्या आरसीवरची तारीख मात्र आजच बघा. संपत आली असेल तर डिचोलीच्या आरटीओत नूतनीकरणाचं काम ठेव सुटायची वाट न बघता उरका.