‘ऑल्दो’ आला की ‘बट’ का नको?

‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येत नाही. दोघांपैकी एकच ठेवा. तुम्ही विचारलेलं वाक्य, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द फेरी केम’, मराठीच्या सवयीतून आलंय. आपल्याला ‘जरी पाऊस पडत होता, तरी फेरी आली’ अशी जोडी लागते. ‘तरी’ गाळलं तर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत मात्र विरोध दाखवायला एक शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ आपल्या वाक्याला गौण करतो, ‘बट’ दोन बरोबरीची वाक्यं जोडतो. दोन्ही घातले तर मुख्य वाक्य कोणतं तेच कळेनासं होतं. म्हणून एकतर ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, द फेरी केम’, नाहीतर ‘इट वॉज रेनिंग, बट द फेरी केम’. फोंड्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इंग्रजी शिकवते, आणि अगदी हुशार मुलांच्या वह्यांतही ही चूक सापडते. तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

याच कुळातले आणखी दोन:
- ‘डिस्पाइट’पुढे पूर्ण वाक्य नाही, नाम हवं: ‘डिस्पाइट द रेन’. त्याला ‘ऑफ’ जोडू नका. तो ‘इन स्पाइट’चा.
- ‘हाउएव्हर’ने नवं वाक्य सुरू करा. नुसत्या स्वल्पविरामाने तो दोन वाक्यं जोडत नाही.

एक अपवाद: जुन्या, ग्रांथिक इंग्रजीत ‘ऑल्दो’बरोबर ‘येट’ दिसतो. तो चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात जड वाटतो.