आतड्यातली गाठ कुठल्या कॅन्सरची?

प्रश्न : आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन 2014 मध्ये झालं. आता शौचातून रक्त जातंय. वर्षभर मूळव्याधीचीच औषधं चालली होती. दुर्बिणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली, आणि सीटी स्कॅनमध्ये जठराची भिंतही जाड दिसली. जुना कॅन्सरच पसरला का? (परभणी)

आतड्यात स्वतंत्र, नवा कॅन्सर आणि जठरात स्तनाचा जुना, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. सगळं एकाच खात्यात टाकायची घाई करू नका.

स्तनाचा कॅन्सर बहुतेकदा हाडं, यकृत, फुप्फुसांत जातो. अन्ननलिका, जठर, आतड्यांत क्वचित. पण जुन्या रिपोर्टवर 'लोब्युलर' (स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार) असा शब्द असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा. या प्रकारात पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन बहुधा नसतं. त्यामुळे गोळा न होता सुट्या पेशी रांगेने भिंतीत झिरपत जातात. जठर आतून ताठर होतं, दोन घासांतच पोट भरतं, आणि दुर्बिणीला मात्र वरचं अस्तर जवळपास ठीक दिसतं. वरवरचा तुकडा घेतला की रिपोर्ट येतो 'कॅन्सर नाही'. अशा वेळी खोलवरचे, अनेक तुकडे घ्यावे लागतात. ऑपरेशनला दहा-बारा वर्षं झाली म्हणून ही शंका सोडू नये.

तुकडा तपासायला जाताना चिठ्ठीवर 'स्तनाचा कॅन्सर, 2014' हे लिहिलंच पाहिजे. लोब्युलर पेशी अंगठीसारख्या दिसू शकतात, जठराच्या मूळ कॅन्सरमध्येही तशाच दिसतात. माहिती नसेल तर पॅथॉलॉजिस्टची फसगत होते. उलगडा होतो तो आयएचसी तपासणीत, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंग देऊन ओळखण्याच्या तपासणीत. ढोबळमानाने सीके-7, गाटा-3 आणि ईआर (इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आले तर रोख स्तनाकडे. सीके-20, सीडीएक्स-2 पॉझिटिव्ह आले तर आतड्याकडे. एकट्या ईआरवर विसंबू नये, सगळं मिळून वाचायचं असतं. आतडं आणि जठर, दोन्हींचे तुकडे वेगवेगळे तपासून घ्या.

प्रश्न : जुना 'ब्लॉक' आणा म्हणतात. तो काय असतो, मिळतो कुठे? (बीड)

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. काडेपेटीहून लहान, प्लास्टिकच्या चौकटीत, कडेला नंबर लिहिलेला. तोच नंबर तुमच्या बायोप्सी रिपोर्टवर असतो. ज्या लॅबने तपासणी केली तिथे रिपोर्ट घेऊन अर्ज करा. ब्लॉक आणि काचपट्ट्या दोन्ही मागा. नवा तुकडा जुन्याशेजारी ठेवून पाहिला की बराच गोंधळ मिटतो. मे महिन्यात नेताना गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण मऊ पडतं. नेल्याची पोच घ्या.

प्रश्न : आतड्याचा नवा आणि स्तनाचा पसरलेला, असे दोन्ही कॅन्सर असतील तर आधी उपचार कशाचा? (नांदेड)

आतड्याचा कॅन्सर पसरलेला नसेल तर तो भाग लसिका ग्रंथींसह काढणं हाच बरं होण्याचा मार्ग. किमान 12 ग्रंथी तपासल्या गेल्या का, ते रिपोर्टात बघा. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरला मात्र औषधं लागतात: ईआर पॉझिटिव्ह असेल तर बहुधा हार्मोनच्या गोळ्या, सोबत पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिबसारखं, पेशींची वाढ रोखणारं औषध. स्तनाचा कॅन्सर आतड्यात पसरलेला असेल, तर आतडं अडलं, फुटलं किंवा रक्तस्राव थांबेना, तरच तिथे चाकू. नव्या तुकड्यावर ईआर आणि हर-2 (पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन) पुन्हा तपासून घ्या. वर्षांनंतर ते बदललेले असू शकतात. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी दोन्ही कॅन्सरवर चालते, पण म्हणून तेवढ्यावर भागेल असं नाही. क्रम सर्जन आणि कॅन्सरतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसून ठरवावा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं सोबत ठेवा.

प्रश्न : मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी काय खायचं? (धाराशिव)

दोन-तीन दिवस आधीपासून ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, शेंगदाण्याची-जवसाची-कारळाची चटणी, तीळ, पेरू बंद. बिया अडकल्या तर गाठ झाकली जाते. मऊ भात, ताक, वरणाचं पाणी चालेल. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण शौच काळं, चिकट होतं. रक्त पातळ करणारी गोळी आणि शुगरची औषधं मात्र मनाने बंद करू नका, विचारून ठरवा. पोट फुगलंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, तर जुलाबाचं औषध पिऊच नका. आतडं अडलेलं असेल तर ते फुटू शकतं. थेट दवाखाना गाठा.