पार्ल्यात चकाचक फ्लॅट भाड्याने घेताय? टोकन देण्याआधी एवढं बघा

पार्ले पूर्वेच्या शांत गल्लीत पहिलंच भाड्याचं घर, तेही नव्याने सजवलेलं. मस्तच! फक्त मॉड्युलर किचन बघून तिथल्या तिथे टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, देऊ नका; नवखे हमखास इथेच चुकतात.

ताज्या रंगाखाली ओल लपते. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचा भाग, कपाटामागचा कोपरा, सगळीकडे हात फिरवून बघा. गार किंवा फुगलेलं लागलं तर पावसाळ्यात पोपडे निघणारच. मी स्वतः फसलोय. जुलैत कपाटामागे बुरशी, आणि मालक म्हणतात, "अहो, नवीनच रंग दिलाय!" फ्लॅट नवा दिसला तरी इमारतीचे पाइप जुनेच असतात, हे विसरू नका.

मग शेजाऱ्यांना गाठा. एजंट सांगणार नाही ते काकू सांगतात:

- पाणी किती वाजता येतं, जोर किती?
- सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय का? शेजारची इमारत पाडणार आहेत का?

दुसऱ्यांदा रात्री जा. विमानतळ जवळ आहे, गल्ली शांत असली तरी आकाश शांत नसतं.

लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. डिपॉझिट कधी परत मिळणार आणि त्यातून काय कापणार, ते करारात लिहून घ्या. चावी मिळाली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवा.

बाकीची कलमं घर पसंत पडल्यावर बघू. कराराचा मसुदा हातात आला की विचारा.